आधी जुनं इंजिन खरंच मेलंय का ते बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वास्कोकडचे एक गृहस्थ, वय पंचावन्नच्या आसपास. त्यांनी आणि त्यांच्या मेव्हण्यानं मिळून सहा वर्षांपूर्वी 27 फुटांची जुनी फायबरची शिडाची बोट 8 लाखांना घेतली, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. आतलं इंजिन जपानी, दोन सिलिंडरचं डिझेल, तीसेक वर्षांचं, थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणारं, वर्षाला साठेक तास चालणारं. डिसेंबरपासून ते काळा धूर ओकतं, 2000 आरपीएमच्या वर नेलं की तापतं, सकाळी सुरू व्हायला रडतं. फिटर म्हणाला, संपलं, नवीन घाला. तीन भाव आलेत. नवीन 14 एचपीचं जपानी, गिअरबॉक्स आणि पॅनेलसकट 7 लाख 40 हजार, "ड्युटी एक्स्ट्रा". बाहेरून आलेलं सेकंडहँड, आत्ता बोटीत आहे त्याच मॉडेलचं, 2 लाख 80 हजार. आणि देशी शेतीपंपाच्या जातीचं इंजिन गिअरबॉक्स लावून 1 लाख 60 हजार. मेव्हणा म्हणतो, घालायचंच तर 30 एचपीचं घालू, वारा समोरून आला तरी चिंता नको, आणि उद्या बोट विकताना पैसे वसूल होतील. बायको म्हणते आधी घराचं छप्पर. प्रश्न असा, की यातलं कुठलं घेऊ आणि 7 लाख 40 हजार हा भाव बरोबर आहे की मला बनवतायत?

उत्तर:

नमस्कार वास्कोकर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मी एकाच वाक्यावर अडलो, "फिटर म्हणाला संपलं". फिटरनं काय काय उघडून बघितलं ते तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. बहुतेक त्यानं धूर बघितला, हात लावून चटका घेतला आणि निकाल दिला. मी त्याला दोष देत नाही, रोज ट्रॉलरची सहा सिलिंडरची धूडं उघडणाऱ्या माणसाला तुमचं हे छोटं इंजिन म्हणजे खेळणं वाटतं आणि खेळणं बिघडलं की नवीन आणायचं असतं. पण काळा धूर, आरपीएम न चढणं आणि तापणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की माझ्या डोक्यात पहिल्यांदा इंजिन येतच नाही, बोटीखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, येतो. बोट शेवटची कधी वर काढली होती? झुआरीत नांगरलेल्या बोटीच्या पंख्यावर दोन-तीन महिन्यांत शिंपल्यांचा असा थर बसतो की पंखा म्हणजे फुलकोबी दिसायला लागतो, आणि मग इंजिन बिचारं पाणी ढकलायच्या ऐवजी नुसतं घुसळत बसतं, जास्त डिझेल पितं, पूर्ण जळत नाही, काळं ओकतं, तापतं. एक पोरगा खाली उतरवून खरवडून घ्या, एका सकाळचं काम.

दुसरा संशय एक्झॉस्टच्या एल्बोवर, म्हणजे इंजिनातून गरम धूर बाहेर येतो आणि त्यात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा लोखंडी तुकडा. धुराची काजळी आणि पाण्यातलं मीठ तिथं एकत्र येतं, काही वर्षांत आतलं भोक बुजत बुजत करंगळी जाईल एवढं उरतं. धुराला वाट नाही म्हणजे आत नवीन हवा नाही, म्हणजे पुन्हा काळा धूर आणि ताप. चार बोल्ट काढून बघायचं काम आहे, बोल्ट गंजून तुटले नाहीत तर (तुटतील, तयारी ठेवा). त्याच्याबरोबर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, थर्मोस्टॅट, आणि पाणी आत येतं तिथली जाळी, हेही बघून घ्या.

सकाळी रडतं हे मात्र मला आवडलं नाही. गोव्यातली सकाळ म्हणजे नॉर्वे नव्हे, इथं थंडीमुळं सुरू होत नाही ही सबब चालत नाही. बॅटरी दमली असेल आणि स्टार्टर हळू फिरत असेल तर ठीक, नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाते तो दाब) गेलंय किंवा इंजेक्टर (सिलिंडरात डिझेल फवारणारे) मुतायला लागलेत. इंजेक्टर काढून टेस्टिंगला द्या, डिझेलचे पंप दुरुस्त करणारा तासाभरात सांगतो. आणि त्याच भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या. गेज डिझेलचाच पाहिजे बरं का, पेट्रोल गाडीचा लावला तर काटा पलीकडं जाऊन बसेल, कारण डिझेलमध्ये 25-30 बारपर्यंत दाब चढतो. दोन्ही सिलिंडर बऱ्यापैकी सारखे आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या जवळपास निघाले तर तुमचं इंजिन मेलेलं नाही, आजारी आहे. एक खूप कमी निघाला तर हेड उघडावं लागेल. आणि डिपस्टिकवर तेल दुधी दिसलं, म्हणजे तेलात पाणी शिरलंय, तर बहुधा तपासणीत फार वेळ घालवायची गरज नाही, खरेदीकडं वळा.

कारण एक गोष्ट तुमच्या विरोधात आहेच. तुमच्या इंजिनाच्या पोटातून तीस वर्षं समुद्र वाहतोय. अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा ठेवलेला असतो, पन्नास-साठ डिग्रीच्या आसपास, कारण त्याच्या वर पाण्यातला क्षार आत चिकटायला लागतो. तरी चिकटतोच. आणि बाजूनं ब्लॉकचं लोखंड गंजून पातळ होत जातं ते बाहेरून दिसत नाही. पिस्टन रिंगा बदलता येतात, बोअर करता येतो, पण आतून कुरतडलेला ब्लॉक कुणी भरून देत नाही. त्यामुळं तपासणीत ब्लॉकमधूनच गंजाच्या खपल्या निघाल्या तर ओव्हरहॉलवर लाख-सव्वा लाख घालू नका, फिटर कितीही गोड बोलला तरी.

आता धरून चालू की ब्लॉक गेलाय, आणि मेव्हण्यांच्या 30 एचपीकडं येऊ.

शिडाच्या बोटीचा वेग इंजिन ठरवत नाही, पाण्यातली लांबी ठरवते. फुटांतल्या वॉटरलाइनचं वर्गमूळ काढा आणि 1.34 नं गुणा. तुमची 27 फुटी म्हणजे पाण्यात साधारण साडेबावीस फूट धरू, उत्तर येतं 6.3-6.4 नॉट (तासाला तेवढे समुद्री मैल). त्याच्या पुढं बोट स्वतःच केलेल्या लाटेच्या खळग्यात बसते, मागचा भाग खाली जातो, आणि तुम्ही जेवढे घोडे जास्त लावाल तेवढं डिझेल जळतं, पुढं मात्र सरकत नाही. वजनाच्या हिशोबानं टनाला चार एचपी हा जुना ठोकताळा आहे, तुमची बोट तीन-साडेतीन टनांची, म्हणजे 12 ते 14. मेव्हण्यांचा मुद्दा अगदीच फालतू नाही, दुपारी वायव्येचा वारा सुटलेला असताना आणि ओहोटी लाटांवर आपटत असताना आग्वादच्या बारवरून, म्हणजे नदीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावरून, मांडवीत शिरायचं म्हणजे हाताशी थोडी ताकद असलेली बरी, पण ती ताकद 14 च्या इंजिनाला योग्य पंखा लावून मिळते, चुकीच्या पंख्यावरच्या 30 नं मिळत नाही. शिवाय 30 वालं तीन सिलिंडरचं, लांब, जड. तुमच्या बेडवर, म्हणजे इंजिन बसतं त्या चौथऱ्यावर, मावेल का हे मेव्हण्यांनी टेप घेऊन मोजलंय का, विचारा.

मोजायचं म्हणजे इंजिनच नाही, जायचा रस्ता पण. माझ्या स्वतःच्या पहिल्या बोटीत मी सेकंडहँड इंजिन टेम्पोतून थाटात आणलं, क्रेननं कॉकपिटवर टांगलं, आणि केबिनच्या दारातून चार सेंटिमीटरनं अडलं. क्रेनचं मीटर चालू, खाली ओहोटी, आणि मेस्त (सुतार) करवतीनं माझी सागवानी पायरी कापतोय. ती पायरी अजून डकवलेलीच आहे.

पंख्याचं अजून एक सांगतो कारण इथं लोक हमखास फसतात. इंजिन 3600 आरपीएमचं असलं आणि गिअरबॉक्स 2:1 चा असला तर शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) 1800 नं फिरतो, 2.6:1 चा असला तर 1385 च्या आसपास. म्हणजे नव्या इंजिनाबरोबर वेगळ्या रेशोचा गिअरबॉक्स आला तर जुना पंखा तुमच्या कामाचा नाही, त्याची पिच (पात्यांचा तिरकेपणा) बदलून घ्या नाहीतर नवीन घ्या. वर फिरायची दिशा. जुनं डावं आणि नवीन उजवं असलं तर तुम्ही फॉरवर्ड टाकाल आणि बोट मागं जाईल. हसू नका, नेरूलच्या चिखलात मी एक बोट अशी मागच्या मागं रुतलेली बघितलीय आणि तिचा मालक शपथ घेऊन सांगत होता की त्यानं पुढचाच गिअर टाकलेला. तो खरं बोलत होता. नवीन बसवल्यावर परीक्षा एकच: मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन कंपनीनं सांगितलेल्या कमाल आरपीएमपर्यंत चढलं पाहिजे. नाही चढलं तर पंखा जड आहे, तो सुधारल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आता भाव. तुम्ही विचारता 7 लाख 40 हजार बरोबर आहे का. मला वाटतं प्रश्नच अर्धा आहे, कारण हा भाव खोक्यातल्या इंजिनाचा आहे आणि तुम्हाला पाहिजे बोटीत बसून पाणी ढकलणारं इंजिन. कोटेशनमध्ये रबरी माउंटिंग आहेत का? बेड कापून-भरून उंची जुळवायचे पैसे कोण देणार? शाफ्टचं कपलिंग, ग्लँडचं पॅकिंग, पंखा, एक्झॉस्टचा नवा होज आणि वॉटरलॉक (जुन्यापेक्षा मोठ्या व्यासाचा लागू शकतो), पाणी उलटं इंजिनात शिरू नये म्हणून वर चढवलेला सायफन-ब्रेक, डिझेलचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, टाकीची सफाई, थ्रॉटल-गिअरच्या केबली, वायरिंग, क्रेन दोनदा, यार्डाचं भाडं, मजुरी. माझा अनुभव असा की सगळं जुळत असेल तर इंजिनाच्या किमतीवर अजून निम्मे धरा, आणि बोट अडून बसली तर जवळजवळ तेवढेच. म्हणजे तुमचे 7 लाख 40 हजार हे खरे अकरा लाखांच्या घरात, आणि वर ते "ड्युटी एक्स्ट्रा" हे दोन निरागस शब्द. कस्टम ड्युटी, आयजीएसटी, जहाजाचं भाडं, बंदरातून सोडवायचा खर्च, हे सगळं धरून "वास्कोला माझ्या दारात किती" असा एकच आकडा कागदावर मागा, आणि भाव येनमध्ये, युरोत की रुपयात बांधलाय तेही. विक्रेता तसा आकडा देत नसेल तर त्याला तो माहीत नाही किंवा सांगायचा नाही, दोन्ही वाईट. एखाद्या कस्टम एजंटला आधी विचारून घेतलेलं बरं, माल बंदरात येऊन पडल्यावर नव्हे. एकाच विक्रेत्याचा भाव घेऊन बसू नका. यानमारचं 2वायएम15 (13.6 एचपी, साधारण 113 किलो), कुबोटाच्या 479 सीसीच्या ब्लॉकवर बांधलेलं इंग्लंडचं बीटा 14, फ्रान्सचं नान्नी, व्होल्वो पेंटाचं डी1-13, ही सगळी तुमच्या मापातली आणि सगळी आत गोड्या पाण्यावर थंड होणारी, खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून फिरतं. बीटावाले जुन्या इंजिनाच्या बेडवर बसतील असे पाय बनवून देतात, ते विचारून बघा, बेड कापायचा खर्च वाचला तर महाग इंजिन स्वस्त पडतं.

सेकंडहँड 2 लाख 80 हजारांचं. आत्ताच्याच मॉडेलचं म्हणजे बेड तोच, शाफ्ट तोच, पंखा तोच, त्याच माउंटिंगवर दोन दिवसांत बसेल. मोह खरा आहे. पण तेही खाऱ्या पाण्यावर थंड होणारं, म्हणजे तुम्ही स्वतःचा जुना आजार दुसऱ्याकडून विकत घेताय, वर रंग मारलेला. अगदी घ्यायचंच झालं तर थंड इंजिन तुमच्या डोळ्यांसमोर सुरू करून दाखवायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर हात लावून कळतं. कॉम्प्रेशन मोजा, एल्बो उघडा. त्याच मॉडेलचं हीट एक्स्चेंजरवालं मिळालं तर मात्र माझं मत बदलेल.

आणि देशी. या इंजिनाला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पुण्यात 1946 ला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, त्या जातीची एक सिलिंडरची पाच एचपीवाली, 1500 आरपीएमवर टुकटुक करणारी इंजिनं आपल्या आजोबांच्या विहिरीवर चालली आणि अजून चालतायत, आणि यानमारनं 1933 मध्ये जे पहिलं छोटं डिझेल काढलं तेही शेतकऱ्यासाठीच. मूळ दोघांचंही मातीतलं. पण बोटीतलं इंजिन तिरकं बसतं म्हणून तेलाचा संप, म्हणजे तळाची तेलाची टाकी, तशी लागते, पंख्याचा धक्का गिअरबॉक्सला झेलावा लागतो, धूर पाण्यात भिजवून बाहेर काढावा लागतो, आणि हे सगळं कुणीतरी आधी विचार करून केलेलं असावं लागतं, तुमच्या बोटीत प्रयोग करून नव्हे. शिवाय जड फ्लायव्हील आणि ती थरथर! फायबरच्या हलक्या बोटीत भांडी खाली येतील. ब्रिटोन्याच्या काठाला बोट असती, फक्त मांडवीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात फिरायचं असतं, आणि खनिज वाहणाऱ्या बार्जवर आयुष्य काढलेला फिटर ओळखीचा असता तर मी म्हटलं असतं घाला बिनधास्त, सुटा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतो. तुम्ही समुद्रात जाता. नको.

(बॅटरी-मोटरचं कुणीतरी सुचवेलच. नुसतं धक्क्यावरून बाहेर पडून शीड लावायचं असेल तर छान, पण वारा पडल्यावर चार तास परतायचं असेल तर 40 लिटर डिझेलची टाकी ज्या बॅटरीनं भरून निघेल ती तुमच्या बोटीत मावायची नाही.)

विकताना पैसे वसूल होतील हे मेव्हण्यांनी कुठून काढलं? 8 लाखांच्या बोटीत 11 लाखांचं इंजिन घातलं की 19 लाखांची बोट होत नाही, 10-11 लाखांची होते, आणि लवकर विकली जाते एवढंच. तुम्ही लिहिलंय की वर्षाला साठेक तास इंजिन चालतं. दहा वर्षांचे सहाशे. नीट सांभाळलेलं छोटं डिझेल काही हजार तास जातं, आपल्याकडं ती चालून मरत नाहीत, पावसाळाभर मिठात उभी राहून मरतात. म्हणजे अकरा लाख भागिले सहाशे, तासाला अठराशेच्या वर रुपये पडतात, डिझेल वेगळं. हा आकडा मेव्हण्यांना दाखवा आणि घरात पण दाखवा, लपवू नका. तो बघूनही दोघांना वाटलं की चालेल, रविवारी सकाळी दोनापावल्यासमोर शीड चढवण्याची किंमत म्हणून हे ठीक आहे, तर घ्या, खुशाल घ्या, याच्यात "गुंतवणूक" शोधू नका. आणि मेव्हण्यांना जास्त ताकद पर्यटक फिरवायला पाहिजे असेल, पत्रातून मला तसा वास आला, तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याचा परवाना वेगळा, विमा वेगळा, त्याची चर्चा आधी. अर्धा वाटा बोटीत आहे म्हणजे अर्धा वाटा इंजिनातही, हे कागदावर आणा. नात्यात कागद कशाला असं म्हणाल, तर नातं आहे म्हणूनच.

तुमच्या बायकोच्या बाजूनं एक वाक्य: छप्पर जूनची वाट बघणार नाही, इंजिन एक सीझन थांबू शकतं.

आणि खरंच थांबू शकतं. आत्ता फेब्रुवारी आहे. पंखा, एल्बो, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, एवढं शिगमो व्हायच्या आत करून घ्या, काही हजारांत होईल, आणि इंजिन मे पर्यंत तुम्हाला निभावेल असा माझा दाट अंदाज आहे. ब्लॉकच गेला असला तरी निदान खात्रीनं कळेल. मग ऑर्डर द्या. फिटर मात्र एप्रिलमध्येच बुक करा, कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, त्या दोन महिन्यांत मालीम, कुटबण, खारीवाड्याच्या धक्क्यांवरचे सगळे ट्रॉलर इंजिनं उघडून बसलेले असतात आणि तुमच्या 14 एचपीला कुणी विचारत नाही. इथं रासय, दिवाडी, चिखलीकडं बार्जच्या यार्डात वाढलेले फिटर आहेत, 2012 मध्ये खाणी थांबल्यावर त्यातले बरेच लहान कामांकडं वळले, हात चांगला आहे, फक्त त्यांना सांगायला लागतं की इथं हातोडा नाही, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतो. शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या कपलिंगमध्ये 100 मिलिमीटरच्या फ्लँजला (एकमेकींना बोल्टनं जोडलेल्या गोल चकत्यांना) 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, आणि ती बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस तरंगल्यावर पुन्हा मोजायची, यार्डात टेकूवर उभी असताना जुळवलेलं पाण्यात गेलं की हलतं. जुनं इंजिन काढायच्या आधी बेडची रुंदी, लांबी, शाफ्टच्या मध्यापासून बेडची उंची, सगळं मोजून फोटो काढून ठेवा. नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा नंबर असेल तर बदल कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडं (बंदर खात्याकडं) आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी आठवण येते.

एल्बो काढलात की त्याचा फोटो मला नक्की पाठवा, आतलं भोक केवढं उरलंय ते बघायची मला फार उत्सुकता आहे.